फ्रँकफर्टच्या बारा मशिनी

पहाटे 4:50. पिंपळे गुरवमधला दुसरा मजला. घरून लांबचे सर्व्हर सांभाळणारी ती आधी इन्व्हर्टरचा दिवा बघते, मग राउटरचा. घरात नेट दोन कंपन्यांचं. एकाचं बिल ऑफिस देतं, दुसऱ्याचे महिन्याला सहाशे रुपये तिच्या पगारातून जातात.

5:15. व्हीपीएन. मोबाईलवरचा सहा आकडी कोड तीस सेकंदांत टाकायचा. मग मधला एक सर्व्हर, तिथून पुढं एसएसएच, म्हणजे लांबच्या मशिनीत शिरायचं कुलूपबंद दार. काळी खिडकी, माउसला काम नाही. आधी टीमक्स सुरू करते, म्हणजे इकडची लाईन गेली तरी तिकडचं काम थांबत नाही. दाबलेलं अक्षर पडद्यावर किंचित उशिरा उमटतं. जर्मनीला जाऊन परत यायचं असतं त्याला.

5:30. उन्हाळ्यात फ्रँकफर्टला तेव्हा रात्रीचे दोन. ग्राहकानं दिलेत दोन तास. बारा मशिनींवर कर्नलचे पॅच चढवायचे, रीबूट मारायचा. कमांड कालच लिहून ठेवल्यात. पहाटे डोकं चालवायचं नाही, हा तिचा नियम. एंटरआधी होस्टनेम वाचते, ओठ हलवून. टेस्टची समजून चालू मशीन पाडल्याचे किस्से या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेले असतात. टायपिंग भराभर होतं, वेळ जातो तो एंटर दाबण्याआधी.

व्हर्च्युअल मशिनी मिनिटभरात उठतात. खऱ्या लोखंडाच्या पाच-सहा मिनिटं मेमरी तपासत बसतात. तेवढ्यात ती गवार मोडते. बाजूच्या खिडकीत पिंग चालू. उत्तर नाही, उत्तर नाही, मग एकदम ओळी धावायला लागतात.

6:40. नववी येत नाही. दहा मिनिटं झाली. गवार बाजूला. सर्व्हरच्या पोटात एक वेगळा छोटा संगणक असतो, मुख्य यंत्र पडलं तरी जागा. त्यातून कॉन्सोल उघडला. मशीन इमर्जन्सी मोडमध्ये. कुणीतरी कधीतरी एक डिस्क काढली आणि एफएसटॅबमधली, म्हणजे डिस्कच्या यादीतली, तिची ओळ तशीच ठेवली. नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट बघून सर्व्हर अडून बसला. रूटचा पासवर्ड, व्हीआय, ओळीपुढं एक हॅश म्हणजे ती ओळ बाद, पुन्हा रीबूट. 7:05 ला वर.

7:25. तिकीट बंद. डबा, मुलाची व्हॅन. रात्रपाळीचा भत्ता मिळतो तो रात्रभर बसणाऱ्यांना. पहाट त्यात धरत नाहीत.

11:10. नांदेडचा ज्युनिअर फोनवर. ‘मॅडम, चाळीस जीबीचा लॉग उडवला, तरी डीएफ डिस्क शंभर टक्के भरलेलीच दाखवतोय.’

‘उडवलास कशाला? प्रोग्रामनं फाईल धरून ठेवली असणार. एलएसओएफ लावून बघ, कुणी धरलीय ते कळेल.’

तसंच निघतं. लिनक्समध्ये नाव पुसलं तरी कुणी फाईल उघडी धरली असेल तर जागा सुटत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली, डिस्क साठ टक्क्यांवर आली. चालू लॉग उडवायचा नसतो, रिकामा करायचा असतो, हे ती त्याला तिकिटात लिहायला लावते.

दुपारी 3:00. इंटरनेटकडं तोंड असलेल्या मशिनीचा लॉग. रूट, अॅडमिन, टेस्ट अशी नावं लावून कोण कोण बावीस नंबरच्या, म्हणजे एसएसएचच्या, पोर्टवर धडका मारतंय. रोजचंच. पासवर्डनं लॉगिन बंदच आहे, किल्लीची फाईल असेल तरच आत. 1995 साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरीला गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याआधी टेल्नेटवर पासवर्ड उघडाच जायचा.

4:20. त्याच एसएसएचच्या सेटिंगमध्ये बदल. हे ज्युनिअर करतो, ती इकडून त्याची स्क्रीन बघते. इथं चूक झाली तर ज्या दारानं आत आलो तेच बंद. आधी ‘एसएसएचडी वजा टी’नं फाईल तपासली. मग रीलोड.

‘झालं मॅडम. एक्झिट मारू?’

‘थांब. ही असू दे. दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून दाखव आधी.’

तो करतो. परमिशन डिनाइड.

‘बघ. आता जुन्या खिडकीतून बॅकअप फाईल परत ठेव. आणि चहा घेऊन ये, पुन्हा पहिल्यापासून करू.’