दुचाकीची नंबरप्लेट: नियम, दंड आणि नाक्यावर अडवल्यावर

आजचा विषय अगदी वीतभर आहे. शब्दशः वीतभर, कारण दुचाकीच्या मागच्या नंबरप्लेटचं ठरलेलं माप २०० बाय १०० मिलिमीटर आहे. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद या पट्ट्यात राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींनी मला विचारलं, की या एवढ्याशा पत्र्यासाठी हजारोंचा दंड कशाला? आज तेच नीट समजून घेऊ.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दिल्लीला आलो तेव्हा पुण्याहून माझी मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलने आणली होती. तिची नंबरप्लेट मी हौसेने देवनागरीत करून घेतली होती. एमएच बारा, पुढे सगळे आकडे मराठीत. दिल्ली-नोएडा सीमेवर बॅरिकेडपाशी एका हवालदाराने हात केला. मी तयारीतच होतो. म्हटलं, "साहब, हिंदी की भी तो यही लिपि है।" तो हसला आणि म्हणाला, "मैं तो पढ़ लूँगा, कैमरा नहीं पढ़ेगा। और कल केरलवाला मलयालम में लिख लाया, तो मैं भी नहीं पढ़ूँगा।"

चलान झालं. आपल्याकडे पावती फाडतात, इकडे चलान कटतं. मी दंड भरला, पण मनातून धुसफुसत होतो. तो बरोबर होता हे मला पुढे काही वर्षांनी, एका वेगळ्याच प्रसंगाने पटलं.

दिल्लीच्या करोल बाग भागात आपले गलाई व्यावसायिक आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली आहेत. त्यांतल्याच माझ्या ओळखीच्या एका कारागिराला रात्री घरी चालत जाताना मागून मोटारसायकलने उडवलं. पायाची दोन हाडं मोडली. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी सगळं पाहिलं होतं. गाडीचा रंग, दोन पोरं, एकाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, हेसुद्धा त्यांना आठवत होतं. फक्त नंबर सांगता येईना, कारण मागची प्लेट वाकवून सीटखाली वर वळवलेली होती. सहा महिने हा माणूस भट्टीपाशी उभा राहू शकला नाही.

आता यातला कायदा बघा. धडक देणाऱ्या गाडीचा नंबर मिळाला, तर त्यावरून मालक आणि विमा कंपनी सापडते. प्रत्येक गाडीला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. तिथे उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व या सगळ्याचा हिशोब होतो. पण नंबर मिळालाच नाही, तर प्रकरण 'हिट अँड रन'मध्ये जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली १ एप्रिल २०२२ पासून भरपाई ठरलेली आहे: मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, गंभीर दुखापतीला ५० हजार. माणूस मिळवता होता की नाही, घरात खाणारी तोंडं किती, याचा त्या रकमेशी संबंध नाही.

आणि ही रक्कमही सहसा पदरात पडत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात हिट अँड रनचे ६७,३८७ अपघात झाले आणि त्यांत ३०,४८६ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आकडा आला, की २०२२-२३ या वर्षात या योजनेखाली दावे आले अवघे २०५. म्हणून न्यायालयाने पोलिसांनाच सांगितलं, की जखमींना आणि मृतांच्या नातेवाइकांना या योजनेची माहिती तुम्ही द्या.

म्हणजे नंबरप्लेटवरचे ते आकडे पोलिसांइतकेच, किंबहुना जास्तच, रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या कामाचे असतात. हे एकदा लक्षात आलं, की बारीकसारीक वाटणारे नियम उगाच वाटत नाहीत.

आता नियम बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले ५० आणि ५१ क्रमांकाचे नियम नंबरप्लेटचे आहेत. अक्षरं इंग्रजी आणि आकडे १, २, ३ असे मराठी वळणाचे नव्हेत, तर इंग्रजी पद्धतीचे हवेत. दुचाकीच्या पुढच्या प्लेटवर अक्षरं आणि आकडे ३० मिलिमीटर उंच, ५ मिलिमीटर जाड. मागच्या प्लेटवर अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर उंच, जाडी ७ मिलिमीटर. दोन अक्षरांत ५ मिलिमीटरची मोकळी जागा. ७० सीसीपेक्षा लहान दुचाकींना थोडी सवलत आहे. पुढची प्लेट हँडलला समांतर, समोरून दिसेल अशी हवी. रात्री मागची प्लेट पंधरा मीटरवरून वाचता येईल असा पांढरा उजेड तिच्यावर पडायला हवा. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळी, आणि खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्यावर पांढरी.

या मापात आपली कलाकुसर कुठे बसते? बसत नाही. चार-एक-चार-एक वळवून 'दादा' करणं, दोन-एक-चारचा 'राम' करणं, आठ-शून्य-पाच-पाचचा इंग्रजी 'बॉस' करणं ही आपल्या महाराष्ट्राची खास हौस. दिल्लीच्या आसपास हौस वेगळी आहे: प्लेटवर किंवा काचेवर जात लिहायची. याची गंमत म्हणजे, डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन खात्याने गाड्यांवरच्या जातीच्या स्टिकरवर कारवाई सुरू केली, ती महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाने पंतप्रधानांच्या कार्यालयाला लिहिलेल्या पत्रावरून. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही गाड्यांवरचे जातीचे उल्लेख काढायला सांगितलं. प्लेटवर नंबर सोडून दुसरं काहीही नको, एवढं लक्षात ठेवा. जात नको, पक्ष नको, आडनाव नको, 'प्रेस' नको.

आता एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट. ही ॲल्युमिनियमची असते. डाव्या कोपऱ्यात वर अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला किमान दहा अंकी क्रमांक, आणि अक्षरांवर तिरपं 'इंडिया' लिहिलेली फिल्म. बसवताना एकदाच वापरता येणारं कुलूप लावतात. काढायला गेलात तर तुटतं, म्हणजे चोराला एका गाडीची प्लेट काढून दुसरीला लावता येत नाही. तो लेझर क्रमांक 'वाहन' या सरकारी नोंदवहीशी जोडलेला असतो.

ही कल्पना नवी नाही. नियम आला २००१ मध्ये. निविदांवरून वाद झाले, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली, तरी राज्यं हलेनात. मग २०११-१२ मध्ये न्यायालयाने राज्यांना चांगलंच खडसावलं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ही प्लेट देणं उत्पादकाचीच जबाबदारी झाली. दिल्लीत डिसेंबर २०२० मध्ये जुन्या गाड्यांवर कारवाई सुरू झाली, आधी मोटारींवर, आणि साडेपाच हजारांची चलानं कापली जाऊ लागली. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठी मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती पुढे पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. तिथे दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी आहे.

रस्त्याकडेला कुणी तुम्हाला निळ्या 'आयएनडी'ची, उठावाच्या अक्षरांची प्लेट दोनशे-तीनशे रुपयांत देऊ करील. दिसायला ती तशीच दिसते, पण लेझर क्रमांक नोंदवहीत नसतो. ती एचएसआरपी नव्हे. नोंदणी करायची ती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच करा. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळंही फिरत असतात.

दंडाचं गणित नीट ऐका, कारण गोंधळ इथेच होतो. कलम ३९ म्हणतं, की गाडी नोंदलेली हवी आणि नंबर ठरलेल्या पद्धतीने लावलेला हवा. ते मोडलं तर कलम १९२ लागतं: पहिल्या वेळी २ हजार ते ५ हजार, पुन्हा केलं तर ५ ते १० हजार किंवा कैदसुद्धा. पण साध्या दोषासाठी काही ठिकाणी कलम १७७ लावतात, तिथे पहिल्या वेळी ५०० रुपये. म्हणजे एकाच प्लेटसाठी दहापट फरक पडू शकतो. शिवाय जागेवर घ्यायची तडजोडीची रक्कम प्रत्येक राज्य सरकार ठरवतं. एनसीआरमध्ये सकाळी नोएडातून निघून दिल्ली ओलांडून गुरुग्रामला जाणारा माणूस तासाभरात तीन सरकारांच्या हद्दीतून जातो. म्हणून चलान हातात आलं, की आधी कलम वाचा, मग रक्कम.

नाक्यावर अडवलं तर काय करायचं? गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवणं कलम १३० प्रमाणे बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात, केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्येच तसं कळवलं आहे. मात्र गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. हुज्जत घालू नका, कारण कायदेशीर सूचना न मानल्याबद्दल कलम १७९ खाली २ हजारांचा वेगळा दंड आहे.

तुमच्याही बाजूने काही गोष्टी आहेत. दंड भरला की पावती किंवा ई-चलानचा क्रमांक मिळालाच पाहिजे. पावती नसेल, तर तुम्ही दिलेले पैसे दंड म्हणून कुठेच जमा झालेले नाहीत. आरोप मान्य नसेल तर जागेवर तडजोड करण्याची सक्ती नाही, प्रकरण न्यायालयात जाऊ देता येतं. गाडी ताब्यात घेतली तर त्याचा कागद मागून घ्या. आणि निघण्यापूर्वी तुमच्या प्लेटचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा, पुढे वाद झाला तर तोच कामी येतो.

आता कॅमेऱ्यांबद्दल. १ जुलै २०२५ ला दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या भरवशावर जुन्या गाड्यांना इंधन बंद करण्याचा प्रयत्न झाला. काही दिवसांतच दिल्ली सरकारनेच तांत्रिक अडचणी मांडल्या, शेजारच्या राज्यांची माहिती जोडलेली नाही हेही सांगितलं, आणि तो निर्णय पुढे ढकलावा लागला. पण दिशा कळली. नाक्यावरचा हवालदार तुमचं ऐकून तरी घेतो, कॅमेरा ऐकत नाही.

म्हणून कधी न गेलेल्या रस्त्यावरचं चलान तुमच्या नावावर आलं, तर घाबरून लगेच भरू नका. ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन फोटो बघा. गाडीचं मॉडेल, रंग, आरसे, स्टिकर जुळतात का? न जुळल्यास कुणीतरी तुमचा नंबर वापरतो आहे. संकेतस्थळावर तक्रार करा आणि पोलिस ठाण्यातही लेखी द्या. उद्या त्या गाडीने सोनसाखळी ओढली, तर पोलिस आधी तुमच्या दारात येतील. प्लेट चोरीला गेली तरी तक्रार आधी, नवी प्लेट नंतर. आणि मोबाइलवर आलेल्या चलानच्या संदेशातून कुठलंही ॲप उतरवून घेऊ नका, ती फसवणूक असते.

शेवटचं, एमएच नंबरची गाडी इकडे आणणाऱ्यांसाठी. राजेंद्र नगर, मुखर्जी नगरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी आपली मुलं हमखास विचारतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. सैन्यात किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या होत असतील, तर सप्टेंबर २०२१ पासून मिळणारी बीएच मालिका बघा, मग बदलीच्या प्रत्येक राज्यात नंबर बदलायची कटकट राहत नाही.

माझ्या मोटारसायकलला आता साधी, सरकारी प्लेट आहे. ती जुनी देवनागरी प्लेट घरात भिंतीवर लावली आहे, आणि येणारा प्रत्येक मराठी माणूस तिचं कौतुक करतो. गलाईवाले आमचे स्नेही पुन्हा भट्टीपाशी उभे राहतात, थोडे लंगडत. त्यांना उडवणारी गाडी अजून सापडलेली नाही.

तुम्ही एक करा. आज संध्याकाळी गाडी लावल्यावर पंधरा पावलं मागे जा आणि आपली प्लेट वाचून बघा. चिखल असेल तर पुसा, वाकली असेल तर सरळ करून घ्या. पुढच्या भागात भेटू. सांभाळून चालवा.