तुकडेजोड : शेताची आणि संगणकाची

संगणकावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्या पदवीने दिलेला नाही. आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीत सभासदांची नोंद, वर्गणीचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज, अपघात-भरपाईचे कागद हे सारे एका जुन्या संगणकात असते. तो मंदावला तेव्हा जे शिकावे लागले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

हार्ड डिस्क म्हणजे पेटीत बंद केलेली फिरती तबकडी. ती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि एक बारीक टोक तिच्यावरून सरकत मजकूर वाचते. जुनी फाईल पुसली की तिच्या जागी पोकळी राहते. पुढे मोठी फाईल आली आणि सलग जागा नसली, तर तिचे तुकडे करून ते अशा पोकळ्यांत ठेवले जातात. इगतपुरीकरांना हे अवघड नाही. एकाच मालगाडीचे डबे यार्डात चार रुळांवर विखुरले, तर गाडी निघण्यापूर्वी शंटिंग करावेच लागते. येथे इंजिनाच्या जागी ते टोक धावते. एका तुकड्यापाशी पोचण्यास त्याला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. एका फाईलचे हजार तुकडे झाले, तर दहा सेकंद नुसत्या येरझारांत गेले!

वाटण्या होऊन शेतांचे तुकडे पडतात म्हणून 1947 साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा आणि तुकडेजोडीचा कायदा झाला. संगणकातील तुकडेजोड तशीच आहे. शेत तेवढेच राहते, येरझार वाचते. तिने डिस्कवरची जागा वाढत नाही, मजकूरही बदलत नाही.

आता सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? विंडोजमध्ये हे साधन आधीपासूनच असते. 1993 च्या एमएस-डॉस 6 मध्ये ते सिमँटेककडून घेतलेले होते आणि विंडोज 2000 मध्ये एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअरकडून. म्हणजे बाजारातील विद्याच घरात आली. 2007 च्या विंडोज व्हिस्टापासून हे काम नेमलेल्या वेळी आपोआप होऊ लागले. 64 मेगाबाइटहून मोठ्या तुकड्यांना ते साधन सहसा हात लावीत नाही, कारण एवढ्या लांब तुकड्यापुढे टोकाची एक फेरी नगण्य असते. बहुतेकांना एवढे पुरे. एखादीच फाईल निवडून जोडावयाची असेल, तर डीफ्रॅगलरसारखे साधन उपयोगी पडते. ‘संगणक दहापट वेगवान करू’ असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून मात्र दूर राहावे.

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी आपली डिस्क कोणत्या जातीची आहे ते पाहावे. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ या खिडकीत प्रत्येक डिस्कपुढे तिची जात लिहिलेली असते. ‘सॉलिड स्टेट’ असेल, तर तिच्यात फिरणारे काहीच नाही. तेथे येरझार नाही, म्हणून तुकडेजोडीचा लाभही नाही. उलट तिच्या पेशी ठरावीक वेळाच लिहून घेतात, आणि उगाच केलेली हलवाहलव त्यांचे आयुष्य खाते. तिची वेगळी निगा विंडोज स्वतःच राखते.

हे मी ठेच लागून शिकलो. आमच्या संगणकाच्या डिस्कमधून टिक् टिक् आवाज येत होता. दुरुस्तीस आलेल्या एका गृहस्थाने ‘तुकडे फार झाले आहेत’ म्हणून विकतचे सॉफ्टवेअर घातले आणि ते रात्रभर चालू ठेवले. वास्तविक डिस्क मरणपंथाला लागली होती. तिला विश्रांती द्यावयाची, ती आम्ही रात्रभर पळवली. सकाळी ती उघडेना. एका जखमी हमालाच्या भरपाईचे कागद तीत होते. त्याच्या पत्नीने मूळ प्रती ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, म्हणून दावा टिकला. तो टिकवण्यात आमच्या कचेरीचा वाटा काहीच नव्हता.

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. आधी सर्व कागदांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. मग डिस्कची जात पाहावी. आवाज येत असेल किंवा फाईल वाचताना चूक दाखवत असेल, तर तुकडेजोडीचे नाव काढू नये, डिस्क बदलावी. सारे ठीक असेल, तर नको असलेले पुसून जागा मोकळी करावी आणि घरचेच साधन चालवावे. संगणक थोडा मंद असला तर आपण थांबू शकतो. परंतु कुणाच्या हक्काचा कागद गेला, तर तो कोणतेही सॉफ्टवेअर जोडून देत नाही.