बादलीतले जीव

रविवारी पेढी बंद असते आणि पेढीवरील अथवा दिवाणखान्यातील माशांच्या टाकीचे पाणी बहुधा त्याच दिवशी बदलले जाते. नळी टाकीत सोडली जाते, गढूळ पाणी बादलीत उतरते आणि बादली मोरीत रिकामी होते. मोठे मासे जागच्या जागी दिसले की काम नीट झाले, असे सर्वजण मानतात. परंतु टाकीत गप्पीची मादी नुकतीच व्यालेली असेल, तर त्या बादलीबरोबर किती पिल्ले गेली याचा पत्ता घरात कोणालाही लागत नाही.

डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून गप्पी महाराष्ट्रात गावोगाव परिचित आहे. त्याची मादी अंडी घालीत नाही. सुमारे ४ आठवड्यांनी ती जिवंत पिल्लांना जन्म देते, एका वेळी २० ते ५०, क्वचित त्याहूनही अधिक. नराशी एकदा संयोग झाल्यावर ती पुढे काही महिने नराविनाही विते. म्हणून ‘आमच्याकडे एकटी मादीच आहे’ हा निर्वाळा पुरेसा नाही. पिल्लू जन्मतः जिऱ्याएवढे आणि जवळजवळ पारदर्शक असते. जन्मदात्रीसह मोठे मासे त्याला गिळतात, त्यामुळे ते पाणवनस्पतींत आणि तळाच्या खड्यांच्या फटींत दडते. मळही तेथेच साचतो आणि नळीही तेथेच फिरते.

मग पाणी बदलूच नये काय? तसेही चालत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो आणि त्याचा पहिला आघात पिल्लांवरच होतो. बदल हवाच, मात्र थोडा. २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच टाकीत सुमारे ५० लिटर पाणी मावते; आठवड्याला त्यातील १० लिटर, म्हणजे एक बादली काढली तरी पुरते.

जैन घरांना येथे निराळे शिकवावे लागू नये. जलगालन करून जिवाणी त्याच जलाशयात परत सोडण्याची रीत ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्यांनी नळीच्या तोंडाला फडके बांधायला विसरावे, हे आश्चर्यच. तथापि नुसते फडके बांधल्याने भागत नाही. अरुंद तोंडाशी ओढ जोराची असते आणि पिल्लू कापडाला चिकटून जखमी होते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून तिचे बूच-तोंड नळीला घट्ट जोडावे आणि कापलेल्या रुंद बाजूवर मलमल किंवा नायलॉनची बारीक जाळी ताणून बांधावी. १२ मिलिमीटर व्यासाच्या नळीऐवजी पाणी ६० मिलिमीटरच्या तोंडातून आत येऊ लागले, की क्षेत्रफळ २५ पट होते आणि ओढ त्याच प्रमाणात मंदावते. बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावी. टाकीतील पाण्याची पातळी आणि नळीचे खालचे टोक यांतील अंतर जितके कमी, तितका प्रवाह संथ. अर्थात जाळीतून मळ नीट निघत नाही. पिल्ले २-३ आठवड्यांची होईपर्यंत तळ तसाच राहू द्यावा. चकचकीत काचेची घाई पाहुण्यांसाठी असते, माशांसाठी नव्हे. फिल्टरच्या ओढीपुढेही स्पंजचा तुकडा बसवावा.

इतके करूनही बादली तपासावीच. ती पांढरी असल्यास उत्तम. पाणी १५ मिनिटे स्थिर ठेवून बॅटरीचा उजेड तिरपा टाकला, की कडेला हलणारे काळे डोळे प्रथम दिसतात. पिल्लू जाळीने न उचलता वाटीने पाण्यासकट घ्यावे आणि त्याच टाकीत सोडावे. हे काम नोकरावर सोपवले, तरी बादली ओतण्यापूर्वी मालकाने स्वतः पाहावी. दिवसअखेर रोकड मिळवल्याविना गल्ला बंद न करणाऱ्यांना ही १५ मिनिटे जड वाटू नयेत.

नवे पाणी भरतानाही अपघात होतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पिल्लांच्या कल्ल्यांना जाळतो. ते पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रव्य सांगितलेल्या मात्रेत घालावे. हिवाळ्याच्या सकाळी गच्चीवरील टाकीचे पाणी बरेच गार असते. तापमापकाने दोन्ही पाणी पडताळावे आणि बारीक नळीने अर्ध्या तासात हळूहळू सोडावे.

मासे पाळणेच उचित काय, हा प्रश्न घरातील वडीलधारे विचारतात आणि तो गैरलागू नाही. प्राण्यास कोंडून ठेवणे, म्हणजे बंध, हा अहिंसाणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. ज्यांनी अजून टाकी घेतलेली नाही, त्यांनी त्यावर अवश्य विचार करावा. ज्यांच्या घरी ती आहे, त्यांनी दयेपोटीही गप्पी नदीत वा विहिरीत सोडू नयेत; ते तेथे झपाट्याने वाढतात आणि स्थानिक माशांची पिल्ले खातात. नर व मादी वेगळ्या टाकीत ठेवावेत आणि जास्तीची पिल्ले टाकी सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्यावीत. तपासून झालेले बादलीतले पाणी मात्र मोरीत दवडू नये, गच्चीतल्या कुंड्यांना ते चांगले मानवते.