रानातील मुक्काम व पक्षिनिरीक्षण

रविवारी बेळगावहून आमच्या बेळगुंदीकडे पाहुणे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, इथं बघण्यासारखं काय आहे?" आम्ही राकसकोपच्या जलाशयाकडे बोट दाखवितो. पाहुणे अर्धा तास काठावर फिरतात, शिदोरी सोडतात आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परततात. पाणी पाहिले, डोंगर पाहिला. परंतु ज्यांची या भागात खरी वस्ती आहे त्या पक्ष्यांची भेट मात्र राहून जाते. पक्षी हे धावत्या पाहुण्याला दर्शन देत नाहीत. त्यांच्यासाठी मुक्काम करावा लागतो.

आमच्या भागात पक्ष्यांची विविधता का, हे आधी समजून घेऊ. बेळगुंदी सह्याद्रीच्या पूर्व अंगाला आहे. येथून पश्चिमेस गेल्यास दाट रान व मुसळधार पाऊस. पूर्वेस गेल्यास पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि उघडे माळ सुरू होतात. आम्ही मधल्या पट्ट्यात भात, रताळी आणि काजू पिकवितो. म्हणून रानातला धनेश आणि माळावरची टिटवी यांच्या वस्त्या येथे जवळजवळ येतात. मार्कंडेय नदीवरील राकसकोपचा जलाशय बेळगाव शहराला पिण्याचे पाणी पुरवितो. त्याच्याच काठी पाणकावळे, बगळे आणि खंड्या आपले पोट भरतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले परीट पक्षी शेपटी हलवीत ओल्या मातीवर किडे वेचतात.

आता मुक्कामाविषयी. याचा उत्तम नमुना आमच्यापासून फार लांब नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीजवळ गणेशगुडी येथे 'ओल्ड मॅगझिन हाऊस' नावाचे निवासस्थान आहे. सुपा धरणाचे बांधकाम चालू असता सुरुंगाची दारू येथे साठवीत, त्यावरून हे नाव पडले. पुढे कर्नाटक सरकारच्या 'जंगल लॉजेस' या संस्थेने तेथे पर्यटकांची सोय केली. तेथील युक्ती अगदी साधी आहे. अंगणात झाडांखाली पाण्याची उथळ भांडी ठेवली आहेत आणि पाहुण्यांनी थोड्या अंतरावर गप्प बसायचे आहे. ऊन कलले की पाखरे एकामागून एक स्नानाला उतरतात. गळ्यावर माणकाचा ठिपका असावा तसा पिवळा बुलबुल येतो, शामा येतो, हिरव्या पंखांचा पाचू होलाही येतो. एरवी दिवसभर रान तुडवूनही जे दिसणार नाही, ते तेथे खुर्चीवर बसून दिसते.

पक्षी स्नान कशासाठी करतात? पिसांवरची धूळ निघावी आणि पिसे नीट राहावीत म्हणून. अंघोळ झाली की शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल चोचीने घेऊन ते पिसांना लावतात. पाणी मात्र उथळ हवे. घरच्या अंगणात मातीची पसरट परळ ठेवून तिचे पाणी रोज बदलले, तर हा सोहळा बेळगुंदीतही घडतो.

मुक्कामाला जाणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, भडक कपडे व मोठा आवाज टाळावा. दुसरी, सूर्योदयापूर्वी जागे व्हावे. रात्रभर उपाशी राहिलेली पाखरे तेव्हा भक्ष्य शोधू लागतात आणि स्थिर हवेत त्यांचे बोल दूरवर ऐकू येतात. तिसरी, वही जवळ ठेवावी. दुर्बीण असल्यास चांगलेच. तिच्यावर 8×40 असे आकडे असतात; त्यांचा अर्थ, वस्तू आठपट जवळ दिसते व पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर आहे. नवख्याला एवढी शक्ती पुरे. अधिक शक्तीची दुर्बीण हातात थरथरते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाच्या दप्तरात बेचकी सापडली. मी ती काढून घेतली आणि चार शब्द सुनावले. मग मार्च महिन्यात पाच मुलांना घेऊन एका परिचितांच्या शेतघरी रात्रीचा मुक्काम केला, तेव्हा त्यालाही बरोबर नेले. पहाटे अंधारातच कोणीतरी गोड शीळ घातली. मी पुस्तक उघडण्याच्या आत तो म्हणाला, "सर, हा दयाळ. सगळ्यांच्या आधी हाच उठतो. आता बुलबुल बोलेल." आणि बुलबुल बोलला! पाखरांचे वेळापत्रक त्याने नेम धरण्यासाठी पाठ केले होते. पण ज्ञान पक्के होते. मला माझे चार शब्द आठवले व थोडी लाज वाटली.

त्या सकाळी मी मुलांना डॉ. सलीम अली यांची हकीकत सांगितली. 1896 साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांची चिठ्ठी घेऊन तो ती चिमणी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत घेऊन गेला. तेथे मिलार्डसाहेबांनी तिचे नाव तर सांगितलेच, शिवाय संग्रहातील कपाटे उघडून शेकडो पक्षी दाखविले. पुढे 1941 साली याच मुलाचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. मिलार्डसाहेबांनी त्या दिवशी केवळ रागावून परत पाठविले असते तर?

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. तिला व पिलांना नर त्या फटीतून वड-उंबरासारखी फळे भरवितो, आणि त्याच फळांच्या बिया रानभर पेरतो. ढोलीचे झाड कोणी वठलेले म्हणून तोडले, तर त्या जोडप्याचे घरच जाते. कारण अशी ढोली तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात. काजूची बाग वाढविताना बांधावरचे जुने झाड राखणे, हे म्हणूनच आमच्या हातचे काम आहे.

ती बेचकी अजून माझ्या कपाटात आहे. त्याने परत मागितलेली नाही. दुसरी केली असल्यास मला ठाऊक नाही. मात्र त्याच्या वहीत आजवर एकतीस पक्ष्यांची नावे झाली आहेत, आणि त्यांपैकी चार मी स्वतः अद्याप पाहिलेले नाहीत.