समाईक सर्व्हर आणि बाहेरचा माणूस

मंडळी, वाडीत बसून या विषयावर बोलणं सोपं आहे. इथे दर्शनाला कुणीही यावं, पण गाभाऱ्यात पुजारीच जाणार. त्यात भक्ताचा अपमान नाही, ती रीत आहे. सर्व्हरवर मात्र आपण ही रीत विसरतो.

समजा, संस्थेच्या एकाच लिनक्स सर्व्हरवर हिशेब, सभासदांची यादी आणि संकेतस्थळ आहे. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या बाहेरच्या माणसाला लांबून फक्त फायली चढवायच्या आहेत. आपण त्याला साधं एसएसएच खातं देऊन मोकळे होतो. आता तो आज्ञा चालवू शकतो, सर्वांना वाचायला खुल्या असलेल्या फायली चाळू शकतो, बोगदा काढून आतल्या दुसऱ्या यंत्रांपर्यंतही जाऊ शकतो. तो सज्जन असेल हो, पण त्याचा पासवर्ड चोरीला गेला तर? २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत चोर शिरले ते वातानुकूलनाच्या कंत्राटदाराला दिलेल्या प्रवेशातूनच. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

मग करायचं काय? त्याला स्वतंत्र खातं द्यायचं आणि पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरायची. एसएसएचच्या सेटिंगमध्ये त्या खात्यापुरत्या तीन गोष्टी लिहायच्या: फक्त एसएफटीपी चालेल, एका फोल्डरबाहेरचं काही दिसणार नाही, बोगदे बंद. फोल्डरात कोंडण्याची ही सोय ओपनएसएसएचमध्ये २००८पासून आहे.

इथे बहुतेकजण अडखळतात. कोंडायचा फोल्डर आणि त्याच्या वरचे सगळे फोल्डर रूटच्या मालकीचे लागतात. दुसऱ्या कुणाला तिथे लिहिता येता कामा नये. नाहीतर जोडणीच तुटते, आणि आपण वैतागून सगळं उघडं करून टाकतो. तसं करू नये. आत एक उपफोल्डर करून तेवढाच त्याच्या नावे करावा. बदल करताना आपली एक जोडणी चालू ठेवावी, दुसरीकडून तपासावं. म्हणजे आपणच बाहेर अडकत नाही.

शेवटची गोष्ट, काम संपल्यावरची. नुसता पासवर्ड बंद केला तरी किल्लीने दार उघडतंच! म्हणून खात्यालाच मुदतीची तारीख घालावी, आणि तीही खातं देतानाच. नंतर कुणाला आठवण राहत नाही.