बाजरीचा अरगट आणि मित्रबुरशी

इतिहास विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने बुरशीवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण हा विषय मला प्रयोगशाळेत नव्हे, आमच्या आटपाडीकडच्या घराच्या ओसरीवर भेटला. पेरणीआधी आजी बाजरीचे बी मिठाच्या पाण्यात ओतते आणि वर तरंगलेले पोचट दाणे व काळपट गाठी काढून चुलीत टाकते. "ही पोटात गेली की माणूस गरगरतं, ओकतं, नि झोपूनच राहतं," असे ती म्हणते. गेल्या साली काकांनी ट्रायकोडर्माची पुडी आणली आणि "आता मीठ कशाला?" असे म्हणून आजीची बादली बाजूला ठेवली. दोघांत कोण बरोबर, हे मला ठरवता येईना.

इतिहासाच्या सवयीने मी आधी साल शोधले. 1956 मध्ये त्या वेळच्या दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे 1960 पासून ज्याला आपण सांगली म्हणतो तेथे, बाजरीवर अरगटाची साथ आली होती. भिडे व हेगडे यांनी 1957 साली 'करंट सायन्स'मध्ये या रोगाची नोंद केली. अशी बाजरी खाऊन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात विषबाधा झाल्याचा वृत्तांत 1958 साली वैद्यकीय नियतकालिकात आला. आजीच्या बोलण्याला असा छापील आधार सापडला, तेव्हा मी थोडा ओशाळलो.

हा रोग फुलोऱ्यात लागतो. जमिनीत किंवा बियाण्याबरोबर राहिलेल्या गाठी पावसात उगवतात, त्यांचे बीजाणू हवेत उडतात आणि परागीकरण न झालेल्या फुलात शिरतात. काही दिवसांनी कणसातून मधासारखा चिकटा गळतो. म्हणूनच शेतकरी याला 'चिकटा' म्हणतात. पुढे दाण्याच्या जागी कठीण, काळपट गाठ तयार होते. विष असते ते या गाठीत. युरोपात राय धान्यावरच्या अरगटाने मध्ययुगात लोकांचे हातपाय सडत. बाजरीवरच्या अरगटातील द्रव्ये वेगळी असल्याने आपल्याकडे उलट्या, चक्कर आणि गुंगी एवढ्यावर भागते. "एवढ्यावर" हा शब्द अर्थात ज्याने ती भाकरी खाल्ली नाही त्याचा.

आता काकांची पुडी. ट्रायकोडर्मा ही मातीत राहणारी बुरशी दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, तिची भिंत विरघळवते आणि तिच्यावरच जगते. वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने 1932 साली हे दाखवून दिले. सांगलीकडच्या हळदवाल्यांना ती नवी नाही. कंदकुजीसाठी ते ती शेणखतात मुरवून घालतात. तिचे राज्य आहे ते मातीत आणि मुळांभोवती. अरगट मात्र कणसावर, फुले उमललेली असतात त्या थोड्या दिवसांत हल्ला करतो. बियाण्याला चोळलेली भुकटी तेथवर कशी पोचणार? शिवाय बियाण्यात मिसळलेली गाठ ती निवडून बाहेर काढत नाही.

मित्रबुरशीने विष रोखल्याचे ठळक उदाहरण मक्यातले आहे. 1974 साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ते विष अफ्लाटॉक्सिन, करणारी अॅस्परजिलस फ्लेव्हस. गंमत अशी, की याच बुरशीचे काही वाण विष तयारच करीत नाहीत. आफ्रिकेत असे वाण ज्वारीच्या दाण्यांवर चढवून मका फुलोऱ्यात येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी शेतात फेकतात. ते जागा आधीच अडवून बसतात आणि विषारी भावंडांना वाव उरत नाही. योग्य बुरशी योग्य वेळी योग्य जागी पोचली म्हणून तेथे काम झाले.

म्हणून मी आजीच्या बाजूने कौल दिला, पण काकांनाही दुखावले नाही. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ, वर तरंगेल ते काढून जाळायचे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचे. मुळांच्या राखणीसाठी पुडी त्यानंतर. मीठ नीट निघाल्याखेरीज काकांना पुडी फोडू द्यायची नाही, एवढे काम यंदा माझ्याकडे आले आहे.