चष्म्याच्या भिंगात उमटणारा न्यूट्रॉन

जपानमधल्या तोकाइमुरा इथल्या अणुइंधन कारखान्यात ३० सप्टेंबर १९९९ च्या सकाळी तीन कामगार युरेनियमचं द्रावण बादलीने एका टाकीत ओतत होते. टाकीत मर्यादेपेक्षा जास्त युरेनियम साचलं, साखळी अभिक्रिया सुरू झाली आणि सुमारे २० तास धुमसत राहिली. तिघांपैकी दोघे पुढे दगावले. त्यांना किती डोस बसला हे ठरवताना त्यांच्या रक्तातल्या सोडियमचा आधार घेतला गेला. साध्या सोडियमच्या अणूने न्यूट्रॉन गिळला की त्याचं सोडियम-२४ होतं आणि ते गॅमा किरण सोडू लागतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १५ तासांचं. रक्तात ते किती आहे हे मोजलं की शरीरात किती न्यूट्रॉन शिरले याचा हिशेब मांडता येतो. माणसाचं रक्तच मापक व्हावं, अशी पाळी कुणावर येऊ नये. रोजच्या कामातला डोस छातीवर लावायच्या मापक बिल्ल्यावरच कळायला हवा.

हा बिल्ला फक्त अणुभट्टीवाल्यांना लागतो असं नाही. तेलविहिरीतल्या खडकाची सच्छिद्रता तपासायला जे उपकरण खाली सोडतात, त्यात बहुधा अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन स्रोत असतो. तो बाहेर काढणारे, उपकरणात बसवणारे तंत्रज्ञ त्याच्या अगदी जवळ असतात. प्लुटोनियम हाताळणारे, वापरलेल्या इंधनावर फेरप्रक्रिया करणारे आणि सायक्लोट्रॉनवर राबणारे लोकही याच पंक्तीत येतात.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, आणि सगळी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे रुग्णालयांत आणि कारखान्यांत छातीवर दिसणाऱ्या टीएलडी बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. गॅमा आणि क्ष-किरणांसाठी त्या उत्तम, पण वेगवान न्यूट्रॉनची दखल त्या जवळपास घेतच नाहीत. शिशाची जाड भिंतही त्याला फारशी अडवत नाही. त्याला खरा अडसर हायड्रोजनचा. हायड्रोजनचं केंद्रक जवळपास न्यूट्रॉनइतक्याच वजनाचं असतं, त्यामुळे एक गोटी तेवढ्याच दुसऱ्या गोटीवर नेमकी बसावी तसं होतं: येणारा थबकतो आणि समोरचा उडतो. म्हणून संरक्षणाला पाणी, मेण, पॉलिथिन वापरतात. आणि म्हणूनच पाण्याने भरलेलं आपलं शरीर न्यूट्रॉनची ऊर्जा इतक्या सहज शोषून घेतं.

हीच टक्कर मोजमापालाही उपयोगी पडली. सीआर-३९ हे चष्म्याच्या भिंगांचं पारदर्शक प्लास्टिक. त्यात हायड्रोजन भरपूर. न्यूट्रॉनच्या धक्क्याने उडालेला प्रोटॉन त्यातून जाताना रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. ही जखम डोळ्यांना दिसत नाही. पण तो तुकडा गरम अल्कलीच्या द्रावणात ठेवला की जखमी जागा आजूबाजूपेक्षा लवकर झिजते आणि तिथे खड्डा पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे खड्डे मोजायचे. प्लास्टिकचा हा गुण १९७८ मध्ये प्रकाशात आला. त्याआधी फोटोग्राफीसारख्या इमल्शनच्या फिल्मवर प्रोटॉनच्या रेषा मोजत असत, पण दमट, उष्ण हवेत त्या पुसट होत जात. आपल्या हवामानात हा दोष किरकोळ मानता येणार नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राने न्यूट्रॉनच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी सीआर-३९ चाच मार्ग धरला.

आता खड्डे मोजले म्हणजे डोस मिळाला का? नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुमारे १ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनला आंतरराष्ट्रीय शिफारशींत २० च्या आसपास भारांक दिला आहे, गॅमाला १. अगदी मंद न्यूट्रॉनला अडीच. म्हणजे शरीराची हानी न्यूट्रॉनच्या ऊर्जेवर ठरते, आणि खड्ड्यांची संख्या ती ऊर्जा नीटशी सांगत नाही. सुमारे ०.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचे न्यूट्रॉन साध्या सीआर-३९ ला बहुतांशी दिसत नाहीत. तिरके आलेलेही कमी उमटतात. उलट हवेतल्या रेडॉनचे अल्फा कण खोटे खड्डे पाडतात, म्हणून ते प्लास्टिक बंद पाकिटात ठेवावं लागतं.

मंद न्यूट्रॉनसाठी लिथियम-६ आणि लिथियम-७ ची जोडी असलेला अल्बेडो बिल्ला आहे. शरीराने मंदावून परत फेकलेले न्यूट्रॉन लिथियम-६ टिपतं, लिथियम-७ जवळपास फक्त गॅमा मोजतं, आणि दोन्हींतला फरक न्यूट्रॉनचा. पण तो अंगाला चिकटून असावा लागतो, सैल लोंबकळला की आकडा बिघडतो. बुडबुडा मापकात अतितप्त द्रवाचे थेंब न्यूट्रॉनने फुटून दिसू लागतात. कामाच्या मध्येच डोळ्यांनी मोजता येईल असं हे साधन धोक्याच्या कामात फार मोलाचं आहे.

भारतात किरणोत्सारी क्षेत्रातल्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. बिल्ल्यावरच्या नोंदीवरून डोस काढायचा गुणकच चुकीचा असला आणि न्यूट्रॉनचा वाटा त्याने मोजला, तर त्या हिशेबाला अर्थ उरत नाही. म्हणून बिल्ल्याचा गुणक कामाच्या जागेवरच्या न्यूट्रॉनची ऊर्जा आधी तपासून ठरवला पाहिजे, आणि स्रोत किंवा आडभिंत बदलली की नव्याने. अहवालात ‘शून्य’ आलं, तर त्याचा अर्थ इतकाच की बिल्ल्याला दिसेल असं काही आलं नाही. त्या बिल्ल्याला काय दिसत नाही, हे तो लावणाऱ्या कामगाराला, कंत्राटी असला तरी, त्याच्या भाषेत आणि काम सुरू होण्याआधी सांगायला हवं.